मजकुरातल्या लिंकखालची रेघ काढून टाकायची का? (आणि केशरीचं काय करायचं?)

कोरडवाहू (लातूर):
इथल्या एका आडत दुकानाची वेबसाइट करतोय. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे रोजचे भाव, आवक आणि खाली थोडा मजकूर: मालात ओलावा किती चालतो, मोंढा (धान्यबाजार) कधी बंद असतो, पट्टी कधी हातात पडते. मजकुरात जागोजागी लिंका आहेत. मालकांना नमुना दाखवला तर पहिलाच शेरा आला, "तो निळा काढा, जुनाट दिसायलाय. खालची रेघबी काढा. दुकानाच्या बोर्डाचा केशरी लावा."

माझं मत आधीच सांगून टाकतो. निळ्याचा मला हट्ट नाही, रेघेचा आहे. परिच्छेदाच्या पोटातली लिंक रेघेशिवाय ठेवली की वाचणाऱ्याला ती चाचपडत शोधावी लागते. आणि पांढऱ्यावर केशरी अक्षरं तर कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. नेहमीचा केशरी, रंगाचा कोड एफएफ९९३३, मोजून बघितला. पांढऱ्याशी त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, भरतो २.१ ला १. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून जे डब्ल्यूसीएजीचे निकष आहेत, त्यांत साध्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ ला १ लागतो. म्हणजे निम्म्यालाही पोचत नाही. भर दुपारी मोंढ्यात उभं राहून मोबाइलवर भाव बघणाऱ्याला ती ओळ दिसायचीच नाही.

केशरी बटणाला द्या, त्यावर काळी अक्षरं टाका, झकास दिसतं. लिंकच्या अक्षरांना नको. डिझाइनवाल्यांनी जरूर बोलावं, पण "मॉडर्न दिसतं" एवढंच कारण देऊ नये.

काठपदर (छत्रपती संभाजीनगर):
हाक मारलीच आहे तर घ्या. केशरीबद्दल सहमत. रेघेबद्दल अजिबात नाही.

रेघेचा हा नियम रोमन लिपीच्या अंगाने घडलाय. तिथे अक्षरं तळरेषेवर उभी असतात, खाली लोंबणारी चार-पाचच. आपल्याकडे उकार, ऊकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं, राष्ट्रमधला र, सगळा संसार तळाशी. वर शिरोरेषा आधीच आहे. खाली अजून एक मारली की शब्द दोन रुळांमध्ये अडकतो. "कृषी उत्पन्न बाजार समिती, लातूर" एवढ्याला रेघ देऊन बघा. "कृ" आणि "तू" तिच्यात घुसतात. नवे ब्राउजर तेवढ्या जागी रेघ तोडतात, म्हणजे आता ती फाटकीही दिसते. मी हे सौंदर्याच्या नावाखाली बोलत नाहीये. उकार ऱ्हस्व की दीर्घ हे लहान पडद्यावर ओळखू आलं नाही, तर तो वाचनाचाच प्रश्न आहे.

दुसरं. मी पैठणीच्या दुकानांची कामं करते. काठ, बुट्टी, पदर यांचे इतके देखणे फोटो, आणि शेजारी बँकेच्या फॉर्मसारखा निळा रेघांकित मजकूर? गूगलने २०१४ मध्ये शोधनिकालांतल्या रेघा काढून टाकल्या. विकिपीडियावर, आपल्या मराठी विकिपीडियावरसुद्धा, लिंका ठासून भरलेल्या असतात आणि रेघ माउस नेल्यावरच येते. कुणाचं अडलंय?

टॅब की स्पेस (मूळ नांदेड, सध्या पुणे):
दोन्ही उदाहरणं चुकीच्या जागी लावताय, ताई. शोधनिकालात प्रत्येक निकालाचं शीर्षकच लिंक असतं. ती कुठे आहे हे जागेवरूनच कळतं. परिच्छेदात तशी ठरलेली जागा नसते. विकिपीडियाचं म्हणाल, तर त्यांचा सध्याचा निळा, ३३६६सीसी, पांढऱ्याशी ५.४ भरतो आणि त्यांच्या काळसर मजकुराशी बरोबर ३ ला १ च्या आसपास.

हा तीनाचा आकडा महत्त्वाचा आहे. रेघ नको असेल तर लिंकने दोन्हीकडे पास व्हावं लागतं: पार्श्वभूमीशी ४.५ आणि शेजारच्या अक्षरांशी ३. शिवाय माउस किंवा कीबोर्ड तिच्यावर आला की रंगाखेरीज दुसरी काही खूण दिसली पाहिजे. आता गंमत बघा. ब्राउजरचा मूळचा निळा, ००००ईई, पांढऱ्याशी ९.४ भरतो, उत्तम. पण काळ्याशी फक्त २.२. म्हणजे ज्याला आपण "लिंकचा रंग" म्हणतो, तोच काळ्या मजकुरात रेघेशिवाय नापास.

रेघ फाटते त्यावर मात्र उपाय आहे. सीएसएसमधलं (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमधलं) टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट वापरून रेघ खाली सरकवा, ०.३ ईएमपासून (अक्षराच्या आकाराच्या ०.३ पट) सुरू करून बघा. टेक्स्ट-डेकोरेशन-थिकनेसने ती पातळ करा, रंग अक्षरांपेक्षा जरा फिका द्या. ओळींची उंची १.७ तरी ठेवा. देवनागरीला ती नाहीतरी लागतेच. मुक्ता या फाँटमध्ये उकार किती खाली येतो आणि नोटो सान्स देवनागरी या फाँटमध्ये किती, हे सारखं नसतं. म्हणून आकडा माझा घेऊ नका, तुमच्या फाँटवर "कृ", "हू", "ष्ट्र" लिहून ठरवा.

आडत्याचा पोरगा (उदगीर):
कशाला एवढी डोकेफोड राव. आमच्याकडं गिऱ्हाईक भाव व्हॉट्सअ‍ॅपवरच बघायलेत. चुकून वेबसाइट उघडली तर मोठं बटण दिसलं की दाबतेत. मजकुरात लिंका टाकायच्याच कशाला? केशरी बटण द्या ठळक, मालकबी खूश.

फक्त एक काढू नका. उघडलेली लिंक जांभळी होती ना, ते लई कामाचं हाय. मागच्या आठवड्याचे भाव बघताना कोणता दिवस बघितला अन् कोणता राहिला ते कळतं. लई ठिकाणी सगळ्या लिंका एकाच रंगाच्या करून ठेवायलेत, तेच ते पान तीनदा उघडतं माणूस.

काठपदर:
आकडेच बोलायचे असतील तर बोलू. मोरपंखी, ००८०८०. पांढऱ्याशी ४.७७, काळ्याशी ४.४. दोन्हीकडे पास, रेघेशिवाय. पैठणीचा हक्काचा रंग, आणि नियमातही बसतो. आता काय म्हणणं आहे? माउस आल्यावर रेघ दाखवते, कीबोर्डने आलं तर चौकट दाखवते. कोरडवाहू, तुमचा हट्ट आता नियमाचा राहिला नाही, सवयीचा आहे.

(मरूनच्या वाट्याला मीही जात नाही. तो पांढऱ्यावर सुंदर वाचता येतो, जवळजवळ ११, पण काळ्या मजकुरात मिसळून जातो, १.९ फक्त. दुकानदार तोच मागतात, हे वेगळं.)

कोरडवाहू:
नियमात बसतो, मान्य. पण माउस आल्यावर रेघ, हे मोबाइलवाल्याला काय कामाचं? बोटाला घिरट्या घालता येत नाहीत. बोट टेकलं की पान उघडलं. माझे वाचणारे जवळपास सगळे मोबाइलवर आहेत, तुमचेही असतील. तुमची दुसरी खूण त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, मग उरला एकटा रंग.

हिरवा की लाल (परभणी):
नावावरून कळलं असेल. लाल-हिरव्यातला फरक मला नीट दिसत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना हे असतं, बायकांत अर्धा टक्का. आपल्याकडे प्रमाण जरा कमी आहे, पण मोंढ्याच्या गर्दीत माझ्यासारखे निघतीलच.

ताईंचा मोरपंखी नेमका आमच्या आंधळ्या कोपऱ्यात बसतो. निळा आणि हिरवा यांच्या मधला जो पट्टा आहे, तो आमच्या प्रकारच्या डोळ्यांना रंगच वाटत नाही, करडा दिसतो. त्यामुळे तुमची मोरपंखी लिंक मला दिसेल, काळ्यापेक्षा फिकी आहे म्हणून. पण ती मला बंद ठेवलेल्या अक्षरांसारखी वाटेल, दाबून बघावी असं मनातही येणार नाही. कॉन्ट्रास्टचं गणित फक्त उजेड-अंधार मोजतं, रंगाचा अर्थ मोजत नाही. याउलट निळा आम्हाला निळाच दिसतो. विश्वास नसेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रेंडरिंग उघडा, तिथे दृष्टिदोषांची नक्कल करायची सोय आहे. ड्युटेरॅनोपिया (लाल-हिरव्याच्या दोषाचा एक प्रकार) निवडून आपली साइट बघा.

निवृत्त मास्तर (बीड):
वरील सदस्यांशी अर्धवट सहमत. निळ्याचे गोडवे गाऊ नका. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा उजेडच कमी आत येतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत मला गडद निळी शाई आणि काळी शाई यांत फरक करता येत नव्हता. पेन्शनच्या कामासाठी जी साइट उघडावी लागायची, तिथे लिंका गडद निळ्या, बिनरेघेच्या. नातीला विचारून क्लिक करायचो. म्हणून मी रेघेच्या बाजूने. पट्टीने मारलेली रेघ म्हाताऱ्यालाही दिसते.

एक विचारतो. हा निळा मुळात ठरवला कोणी? वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनीच ना?

टॅब की स्पेस:
नाही, मास्तर. त्यांचा १९९० चा पहिला ब्राउजर नेक्स्ट संगणकावर होता, पडदा करड्या छटांचा. तिथे लिंकला रेघ होती, रंग नव्हता. निळा रूढ झाला तो १९९३ च्या मोझॅक या ब्राउजरमुळे: न बघितलेल्या लिंकला निळा, बघितलेल्याला गडद जांभळा. म्हणजे वयाने रेघ थोरली आहे, निळा धाकटा. कोरडवाहूंना आयतंच हत्यार मिळालं.

निळ्याचा अतिरेकही झालाय म्हणा. डग्लस बोमन हे डिझायनर २००९ मध्ये गूगल सोडून गेले, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की दोन निळ्यांत निर्णय होईना म्हणून तिथे मधल्या ४१ छटा तपासल्या गेल्या. आपल्याला तेवढी ऐपतही नाही अन् गरजही नाही.

उदगीरकरांच्या जांभळ्याबद्दल: ठेवाच. पण फक्त रंगच बदलता येतो हे लक्षात घ्या. कोणती लिंक "बघितलेली" दिसते यावरून एखादी साइट तुम्ही आधी कुठे कुठे गेलात ते ताडू शकायची. म्हणून २०१० पासून ब्राउजरांनी तिथे हात बांधले. रेघ काढून टाकणं, अक्षर ठळक करणं, असं काहीच बघितलेल्या लिंकवर चालत नाही. आणि क्रोमने २०२५ मध्ये अजून एक पाऊल टाकलं: लिंक तुम्ही ज्या साइटवरून उघडली, तिथेच ती बघितलेली दिसते, परक्या साइटवर नाही. आडत दुकानाचे कालचे-परवाचे भाव त्याच साइटवर असल्यामुळे तिथे अडचण नाही.

काठपदर:
करड्याचा मुद्दा पटला. मोरपंखी थोडा निळ्याकडे सरकवते, पण सोडत नाही. आणि मोबाइलचा मुद्दाही परिच्छेदापुरता घेते. पण मग तुम्हीही एक घ्या. ही रेघ सरसकट नको. मेनूला नको, भावांच्या तक्त्याला नको, फोटोखालच्या साडीच्या नावाला नको. तिथे जागाच सांगते की हे दाबायचं आहे. तक्त्यात वीस ओळी आणि वीस रेघा म्हणजे पानावर नुसता खराटा फिरवल्यासारखं दिसतं. रेघवाले हे ऐकतच नाहीत. सगळीकडे एकच नियम लावून मोकळे होतात आणि त्याला सुलभता म्हणतात.

आणि "अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा" यातल्या एकट्या "येथे"ला रेघ देणाऱ्यांवर कुणीतरी वेगळा धागा काढा. पान ऐकून वापरणाऱ्या अंध माणसाला लिंकांची यादी "येथे, येथे, येथे" अशी ऐकू येते. त्यापुढे रंगाचा वाद किरकोळ आहे.

कोरडवाहू:
तक्त्याचं पूर्ण मान्य. मी पहिल्यापासून परिच्छेदाचंच बोलतोय, वर लिहिलंय. मालकांना आता हे दाखवणार: परिच्छेदात मध्यम निळा, खाली सरकवलेली पातळ रेघ. बघितलेल्या लिंकला जांभळा. मेनू आणि भावतक्ता बिनरेघेचा, पण तक्त्यातली अख्खी ओळ दाबता येईल अशी. केशरी फक्त "आजचे भाव" या बटणाला, वर काळी अक्षरं. पैठणीच्या दुकानात रेघ कशी दिसते हे मात्र मला खरंच बघायचंय. ताई, जमलं तर एक पान करून टाका इथे.

काठपदर:
टाकते. पण फाँट मी निवडणार, आणि रेघ नावाच्या खाली नाही, वर्णनाच्या परिच्छेदात फक्त.

आडत्याचा पोरगा:
मालक म्हणतेल, "पैसे केशरीचे दिले, निळं कुठून आलं?" त्याची तयारी करून जावा.

टॅब की स्पेस:
आणि डार्क मोड? ००००ईई काळ्या पडद्यावर टाकला तर तोच २.२. तिथे निळा बराच उजळ घ्यावा लागेल, जांभळाही. दोन जोड्या लागतील.

कोरडवाहू:
डार्क मोडचा धागा वेगळा काढा. मालकांचा फोन यायलाय.