पेपरात चोराच्या नावाआधी त्याचा मुलूख का छापतात?

वाचनवेडी:
मंडळी, एक गोष्ट आठवडाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा आहे, ११ वर्षं झाली त्याला इथे, मुलगी सातवीत, पलीकडच्या गल्लीतल्या मराठी शाळेत जाते आणि गणितं अडली की वही घेऊन माझ्याकडे येते. गेल्या सोमवारी पेपरात घरफोडीची बातमी होती, हेडिंग 'नेपाळी टोळी जेरबंद'. सकाळी साडेसातलाच कुणीतरी कात्रणाचा फोटो ग्रुपवर टाकला, 'नेपाळी' शब्दाभोवती लाल गोल करून, आणि दुपारपर्यंत वॉचमन बदलायचा विषय रविवारच्या मीटिंगला लागला पण! बातमी शेवटपर्यंत वाचली तर पकडलेले दोघंच, आमच्या एरियाशी काही संबंध नाही. त्याच पानावर खाली दुकान फोडणाऱ्या दोघांची बातमी, ते इथलेच, तर त्यांना नुसतं 'दोन तरुणांना अटक'. असं का करतात? ठरवून करतात का? आणि हे आपल्याकडेच आहे की सगळीकडे?

जुना_उपसंपादक:
जिल्हा आवृत्तीत १४ वर्षं काढलीयत म्हणून सांगतो, ठरवून कुणी करत नाही. रात्री दहाच्या आसपास एलसीबीची, म्हणजे पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेची प्रेसनोट येते, त्यात नाव, वय, 'मूळ रा. अमुक, सध्या रा. तमुक' हे असतंच. पान साडेअकराला सोडायचं असतं, वार्ताहर प्रेसनोट जवळजवळ तशीच पुढे ढकलतो, आरोपीची बाजू विचारायला कुणी जात नाही कारण तो कोठडीत. मग दोन कॉलमात हेडिंग बसवायचं तर 'परप्रांतीय टोळी', 'नेपाळी टोळी' हे शब्द हाताशी तयार असतात, 'मुसक्या आवळल्या' सारखेच. मी पण अशी हेडिंगं दिलीयत आणि त्याचं मला आज खरंच वाईट वाटतं.

'टोळी' शब्दाकडे जरा बघा. कायद्यात दरोडा म्हणायला किमान ५ माणसं लागतात. मोक्का लावायचा तर मागच्या १० वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखल झालेली दाखवावी लागतात, तेव्हा कुठे ती संघटित गुन्हेगारी. पेपरात मात्र दोन माणसं आणि एक कटावणी मिळाली की टोळी झाली. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. खटल्याचा निकाल कित्येक वर्षांनी लागतो, आरोपी सुटले तर त्याची प्रेसनोट कोण काढणार? पोलीस काढत नाहीत, वार्ताहराची तोवर बदली झालेली असते. मग वाचकाकडे नुसत्या अटकेच्या बातम्या साठत जातात, सुटकेची एकही नाही.

धक्क्यावरचा:
सगळीकडे आहे का म्हणालात म्हणून लिहितो. कामानिमित्त अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला दोन वर्षं होतो, तिथे हे प्रकरण कळलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीच्या सिसिली बेटावरून खूप लोक तिथे आले, तिथल्या पालेर्मो बंदरातून लिंबं आणणाऱ्या बोटीच माणसंही आणायच्या, काम उसाच्या मळ्यात नाहीतर फळांच्या बोटी खाली करायचं. १५ ऑक्टोबर १८९० च्या रात्री शहराचा पोलीस प्रमुख डेव्हिड हेनेसी याला घरी जाताना गोळ्या घातल्या. कुणी मारलं विचारल्यावर तो इटालियन लोकांना द्यायची एक शिवी पुटपुटला असं एका माणसाने सांगितलं, बस. हेनेसी त्यानंतर कित्येक तास शुद्धीवर होता, मित्रांशी बोलला, पण मारेकऱ्याचं नाव त्याने घेतलं नाही. तरी इटालियन लोकांची सरसकट धरपकड झाली आणि 'माफिया' हा शब्द सामान्य अमेरिकन वाचकाच्या तोंडी बसला तो मुख्यतः या प्रकरणाच्या बातम्यांतून.

१९ जणांवर आरोप ठेवले, त्यातल्या ९ जणांचा खटला आधी चालला. १३ मार्च १८९१ ला निकाल: ६ निर्दोष, तिघांबद्दल ज्युरीचं एकमत नाही, म्हणजे दोषी एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरात शहरातल्या बड्या लोकांच्या सह्यांचं निवेदन, की हेन्री क्लेच्या पुतळ्यापाशी जमा, तयारीने या. हजारो लोक जमले, तुरुंगात घुसले, ११ जणांना मारलं. त्यात काही असे होते की त्यांचा खटला अजून उभाच राहिला नव्हता. आणि १६ मार्चच्या न्यूयॉर्क टाइम्सचा अग्रलेख मेलेल्यांना डाकूंचे आणि मारेकऱ्यांचे वंशज म्हणतो. वंशज! मारणाऱ्यांवर खटला झालाच नाही. इटलीने आपला राजदूत परत बोलावला, अमेरिकेने सुमारे २५,००० डॉलर भरपाई दिली, शहराच्या महापौरांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये, म्हणजे १२८ वर्षांनी.

रोखठोक:
वाचून वाईट वाटलं, पण एक विचारतो. गुन्हा तर झाला होता ना? इटालियन टोळ्या नव्हत्याच असं तर नाही. उद्या खरंच बाहेरून येऊन कुणी चोऱ्या करत असतील तर पेपरने ते लपवायचं का, माझ्या काकूच्या घरी चोरी झालीय, तिला सांगा मुलूख बघू नको म्हणून.

धक्क्यावरचा:
@रोखठोक, काकूंचं दुःख खरं आहे आणि टोळ्याही होत्या, न्यू ऑर्लिन्सच्या धक्क्यावर बोटी खाली करायच्या कामावरून मात्रांगा आणि प्रोव्हेन्झानो या दोन इटालियन गटांत गोळीबार झाला होता. पण पुढे न्यूयॉर्कचं बघा. १९०० नंतर तिथे 'ब्लॅक हँड'च्या नावाने खंडणीच्या चिठ्ठ्या यायच्या, पैसे द्या नाहीतर दुकान उडवू. त्या चिठ्ठ्या जायच्या कुणाला? बहुतेक इटालियन दुकानदारांनाच. आणि त्यांचा माग काढणारा पोलीस जोसेफ पेट्रोसिनो, तोही इटलीत जन्मलेला. तपासासाठी गुपचूप सिसिलीला गेला तर त्याच्या दौऱ्याची बातमी न्यूयॉर्कच्या पेपरात छापून आली, आणि १२ मार्च १९०९ ला पालेर्मोत त्याचा खून झाला. म्हणजे लुटले जाणारे इटालियन, लढणारा इटालियन, आणि वाचकाला आठवतो फक्त लुटणारा इटालियन. लपवा असं मी म्हणतच नाहीये, नाव छापा, पत्ता छापा, गुन्हा छापा. हेडिंगमध्ये अख्खा मुलूख कशाला?

जुना_उपसंपादक:
धक्क्यावरचा यांना अनुमोदन. रोखठोक, तुमच्या काकूंच्या चोरीतले आरोपी इथलेच निघाले असते तर हेडिंग 'मराठी टोळी जेरबंद' असं आलं असतं का? आमच्या डेस्कवर मी असं हेडिंग एकदाही पाहिलं नाही.

रोखठोक:
नाही, नसतं आलं. मान्य.

वाचनवेडी:
सगळ्यांना धन्यवाद, उपसंपादक काका तुमचं दोन माणसं आणि कटावणी वालं तर मी मीटिंगमध्ये सांगणारच आहे. काल वॉचमनची मुलगी आली होती, गणितं नव्हती आणली, मराठीचं पुस्तक घेऊन आली आणि मला विचारते, काकू, जेरबंद म्हणजे काय. तिने ते कात्रण बाबाच्या फोनवर पाहिलं होतं. मी अर्थ सांगितला, मग ती म्हणाली की शाळेत एका मुलाने विचारलं तुझ्या बाबांना पण पकडणार का. मीटिंग रविवारी सकाळी दहाला आहे, काय होतं ते इथेच लिहिते.