सोलापूर परिसरातील तलाव, कालवे आणि जुनी स्थळे : तीन दिवसांसाठी सल्ला हवा आहे

कोष्टीवाडा

नमस्कार. माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते आणि त्यांची बहुतेक नोकरी सोलापूर जिल्ह्यातच झाली. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे पुण्याला राहतात. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, सुमारास, आम्ही त्यांना घेऊन सोलापूरला येत आहोत आणि हाताशी पूर्ण तीन दिवस आहेत. त्यांनी आयुष्यभर पाण्याच्या पाळ्या लावल्या, चाऱ्यांवरची, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या छोट्या पाटांवरची, भांडणे मिटवली, रात्री-अपरात्री फुटलेल्या कालव्यावर धाव घेतली. पण निवांतपणे काठावर बसून पाणी पाहायचे मात्र राहून गेले, असे ते अलीकडे वारंवार म्हणतात. त्यामुळे या खेपेस पाणी आणि पाण्याभोवती उभा राहिलेला इतिहास एवढेच पाहायचे, असे आम्ही ठरवले आहे.

पुण्यातील शेजारी विचारतात की सोलापूर तर दुष्काळी, तेथे तळी आणि कालवे कसले पाहणार? मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही, म्हणून येथे विचारत आहे. वडिलांचे वय 74 आहे आणि गुडघे दुखतात, तेव्हा फार चढ-उतार नको. मुक्काम सोलापुरातच असेल, गाडी आमची आहे. कोणती ठिकाणे घ्यावीत, कोणती सोडावीत, आणि जानेवारीत कोठे खरोखर पाणी असते, हे जाणकारांनी सांगावे.

भीमाकाठ

आपल्या शेजाऱ्यांना सांगा की हा भाग दुष्काळी आहे म्हणूनच येथे तळी आहेत. आपल्याकडचे जवळजवळ प्रत्येक मोठे पाणी माणसाने खणलेले किंवा अडवलेले आहे आणि त्या प्रत्येकाला बांधणाऱ्याचे नाव व साल आहे. आपल्या वडिलांना हे मुद्दाम सांगण्याची गरज नाही, पण मुलांना सोबत आणणार असाल तर त्यांना अवश्य सांगा.

माझा आग्रह असा की पहिला पूर्ण दिवस नळदुर्गाला द्यावा. जिल्हा धाराशिव असला तरी हैदराबाद रस्त्याने सोलापूरपासून ते पन्नास किलोमीटरच्या आतच आहे. किल्ल्याला वळसा घालून बोरी नदी जाते आणि तिच्या पात्रात, नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ हे दोन भाग जोडणारा दगडी बंधारा आहे. या बंधाऱ्याच्या पोटातच दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, पाणी महाल बांधला गेला. बंधारा भरला की जादा पाणी त्यासाठी ठेवलेल्या दोन सांडव्यांवरून खाली कोसळते. लोक त्या धबधब्यांना नर आणि मादी म्हणतात. पाणी डोक्यावरून आणि समोरून पडत असताना महालात बसलेला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वी ज्याने हे गणित मांडले, त्याला पाण्याचा दाब, दगडाचे वजन आणि सांडव्याची पातळी या तिन्ही गोष्टी हाताच्या रेषांसारख्या ठाऊक असल्या पाहिजेत. कालव्यावर नोकरी केलेल्या माणसाला ही जागा जितकी कळेल, तितकी आम्हा सामान्य पर्यटकांना कळत नाही.

मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. नर-मादी धबधबे चांगल्या पावसाळ्यातच वाहतात. जानेवारीत ते पाहायला मिळतील, या आशेने येऊ नका. त्याऐवजी पाणी पडत नसल्यामुळे सांडव्यांची रचना आणि बंधाऱ्याची खालची बाजू स्वच्छ दिसते, आणि आपल्या वडिलांच्या दृष्टीने कदाचित तेच अधिक मोलाचे ठरेल. महालात उतरण्याच्या पायऱ्या अरुंद आहेत, त्या सावकाश उतराव्यात. उपळ्या बुरुजावर चढण्याचा मोह त्यांनी टाळावा; ती चढण गुडघ्यांसाठी नाही. नवबुरूज मात्र बाहेरूनही पाहता येतो आणि त्याच्या नऊ पाकळ्या खालूनच चांगल्या कळतात.

बोरी नदी येथून पुढे अक्कलकोट तालुक्यात कुरनूर धरणात जाते. स्वामी समर्थांच्या दर्शनाला अक्कलकोटला जाणार असाल, तर त्याच दिवशी कुरनूरचा जलाशयही पाहून घेता येईल. निव्वळ तलाव पाहण्यासाठी तेथे मुद्दाम वाकडी वाट करू नये, असे माझे मत आहे.

सिद्धेश्वर पेठ

ताई, गड्ड्याच्या दिवसांत येत आहात, तर पहिली संध्याकाळ शहरातच काढा. शहराच्या मधोमध असलेला सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून खणून घेतला, असे परंपरा सांगते. ते बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांच्या काळातले, कन्नड वचने लिहिणारे शरण, म्हणजे वीरशैव संत. पूजेइतकेच तळे खणणे हेही त्यांनी धर्मकार्य मानले, हे मला फार मोठे वाटते. गावात अडुसष्ट लिंगांची स्थापनाही त्यांचीच आणि यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्या सर्व लिंगांना भेट देतात. मंदिर तलावाच्या पाण्यात आहे आणि काठापासून आत जाण्याचा रस्ता सपाट आहे, त्यामुळे बाबांना त्रास होणार नाही.

तलावाच्या कडेलाच भुईकोट किल्ला आहे. तटबंदी दुहेरी आहे आणि आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिराचे अवशेष आहेत. सिद्धरामेश्वर आपल्या वचनांच्या शेवटी याच देवाचे नाव घेतात. तलाव, किल्ला आणि मंदिर ही तीन वेगळी स्थळे समजून घाईने उरकू नयेत. तटावरून तलावाकडे पाहत उभे राहिले की पाण्याने एका बाजूचे रक्षण कसे केले असेल, हे आपोआप ध्यानात येते.

यात्रेच्या मुख्य दिवसांत मात्र तलावाच्या परिसरात प्रचंड गर्दी असते आणि गाडी जवळपास नेता येत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशीचा अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचा विधी, पाहायचा असेल तर सकाळी लवकर येऊन सावलीतली जागा धरावी. निवांत तलाव पाहायचा असेल तर त्याच्या दोन-तीन दिवस आधी यावे. दोन्ही एकाच दिवशी साधणार नाही. विजापूर रस्त्याकडचा कंबर तलाव, म्हणजे आताचा संभाजी तलाव, वाटेत आला तर पाहावा.

कोष्टीवाडा

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना हे सारे वाचून दाखवले. त्यांचे दोन प्रश्न आहेत. एक, हिप्परग्याचा तलाव कोणीच कसा सांगितला नाही? आणि दुसरा, उजनीला जायचे तर कोठल्या बाजूने जावे? नोकरीच्या काळात ते धरणाच्या खालच्याच बाजूला राहिले. वर जलाशयाकडे फारसे जाणे झाले नाही. मला स्वतःला पाण्याबाहेर येणारे पळसदेवचे मंदिर पाहण्याची फार इच्छा आहे.

पाटकरी

आपल्या वडिलांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले. हिप्परगा आधी सांगायला हवा होता. कागदोपत्री एकरुख, लोकांच्या तोंडी हिप्परगा. अधिला नदीवरचे हे मातीचे धरण 1871 मध्ये पूर्ण झाले आणि तुळजापूर रस्त्याने शहरातून अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. दीडशे वर्षे उलटून गेली तरी तो मातीचा भराव पाणी धरून उभा आहे. दुष्काळाच्या वर्षी लोकांना काम मिळावे आणि पुढच्या दुष्काळाला पाणी असावे, या विचाराने त्या काळात जिल्ह्यात जी तळी झाली, त्यांच्या मालिकेत मोहोळकडच्या आष्टी तलावाचेही नाव येते. हिप्परग्याला सूर्योदयाच्या वेळी जावे. हिवाळ्यात पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) आणि इतर पाहुणे पक्षी तेथे उतरतात, आणि जानेवारीच्या थंडीत पाण्यावर धुके असेल तर दोन तास कसे गेले ते कळत नाही. भराव, सांडवा, मोऱ्या आणि तेथून निघणारे जुने कालवे यांबद्दल बाबा आपल्याला जे सांगतील, ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही. सोबत वही ठेवा.

आता उजनीविषयी. येथे मला थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण उजनी कोणत्या महिन्यात पाहता, यावर काय दिसते हे ठरते. भीमा नदीवरच्या या धरणाचे भूमिपूजन 1966 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झाले, 1980 मध्ये धरण पूर्ण झाले आणि जलाशयाला त्यांच्याच नावाने यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यापैकी सुमारे 63 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यांच्या पातळीखाली राहणारे पाणी, आहे. म्हणून उन्हाळ्यात आपल्याकडे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात, तेव्हाही धरणात पुष्कळ पाणी शिल्लक असते. बाहेरच्या लोकांचा येथे नेहमी गोंधळ होतो.

पळसदेवचे पळसनाथ मंदिर इंदापूरच्या बाजूला आहे. पाणी खूप खाली गेल्यावरच ते पूर्ण उघडे पडते, म्हणजे साधारण एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेही प्रत्येक वर्षी सारखे नाही. चांगला पाऊस झालेल्या वर्षी जानेवारीत तेथे शिखर वगळता काही दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. करमाळा तालुक्यातील कुगावच्या जुन्या इनामदारांच्या वाड्याचेही असेच आहे. या वास्तू पाण्याबाहेर आल्या की छायाचित्रे सर्वत्र फिरतात, पण त्यांच्याबरोबर बुडालेल्या गावांतील लोकांनी आपली घरे, गावठाण आणि काळी जमीन दिली, तेव्हा कुठे आपल्या उसाला पाणी मिळाले, याची आठवण त्या छायाचित्रांखाली क्वचितच असते. माझ्या आजोळचे गाव त्याच पाण्याखाली आहे, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवले नाही.

जानेवारीत जलाशयाच्या वरच्या अंगाला, भिगवण आणि कुंभारगावकडे, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येऊ लागतात. पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडेल तसतशी त्यांची संख्या वाढते आणि फेब्रुवारी-मार्च अधिक चांगला. आपण पुण्याहून येत आहात, तर भिगवण आपल्या वाटेवरच आहे. सोलापुरात मुक्काम करून पुन्हा मागे जाण्यापेक्षा येतानाच पहाटे निघून ते पाहावे. नावेत बसण्यापूर्वी सर्वांसाठी तरंगजाकिटे आहेत का ते पाहावे, आणि वारा सुटला असेल तर नाव सोडू देऊ नये. मे 2024 मध्ये कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात नाव उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. मी स्वतः एकदा जाकिटे नाहीत म्हणून काठावरून परत आलो आहे आणि बरोबरच्या मुलांचा रुसवा सोसला आहे.

धरणाच्या भिंतीवर सर्वांना मोकळा प्रवेश नसतो. धरणाजवळच्या भीमानगरला जाऊन आधी परवानगीची चौकशी करावी. बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणी असेल तर त्यांनाच विचारावे. तेथून सोलापूरकडे येताना डाव्या कालव्याच्या बाजूने थोडे अंतर जावे. रब्बीचे आवर्तन, म्हणजे रब्बी पिकांसाठी सोडलेल्या पाण्याची पाळी, चालू असेल तर दुथडी भरलेला कालवा, दोन्ही बाजूंचा ऊस आणि चारीवर वाकलेली माणसे हे दृश्य कोणत्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा कमी नाही. कालव्याच्या काँक्रीट अस्तर केलेल्या उतारावर मात्र कोणी उतरू नये. शेवाळावरून पाय घसरला की वर येता येत नाही, हे बाबा आपल्याला सांगतीलच.

भीमाकाठ

पाटकरी यांच्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त एका मुद्द्यावर भर घालतो. उजनीचे पाणी भीमा-सीना जोडकालव्याच्या बोगद्यातून सीना नदीत सोडले जाते. म्हणजे धरणापाशी एका पाण्याचे दोन भाग होतात. एक भीमेने पंढरपूर, माचणूर असे करत येतो आणि दुसरा सीनेने मोहोळकडून खाली येतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे ते दोन्ही पुन्हा एकत्र येतात. शेवटचा दिवस या संगमासाठी ठेवावा. तेथील संगमेश्वर मंदिरात शके 940, म्हणजे 1018 मधील शिलालेख आहे आणि मराठीच्या अगदी आरंभीच्या शिलालेखांत त्याची गणना होते. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या उत्खननात सापडलेले बहुमुखी शिवलिंगही पाहावे. त्या एकाच दगडावर शेकडो मुखे कोरलेली आहेत.

वेळ उरला तर मंगळवेढा रस्त्यावर माचणूर घ्यावे. 1695 ते 1699 या काळात औरंगजेबाची छावणी तेथे भीमेच्या काठी होती. किल्ला आता पडका आहे, पण सिद्धेश्वराच्या मंदिराजवळचा नदीचा घाट शांत आहे. घाटाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा बाबांनी वरच्या बाजूला बसूनच नदी पाहावी. वाटेत मालदांडी ज्वारीची शिवारे लागतील आणि ओळखीचे शेतकरी असतील तर हुरडाही मिळेल. कालवा नाही, विहीर नाही, केवळ काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती ज्वारी येते. पाण्याच्या सहलीत तिचाही मान आहे.

कोष्टीवाडा

वडिलांनी पळसदेवसाठी मे महिन्यात पुन्हा यायचे ठरवूनही टाकले. आता येताना भिगवण, दुसऱ्या दिवशी पहाटे हिप्परगा आणि नंतर नळदुर्ग, मग शेवटी कुडल, असा क्रम लावला आहे. सिद्धेश्वर तलाव दोन्ही संध्याकाळी. एकच विचारायचे राहिले : कुडलचा शिलालेख सामान्य माणसाला वाचता येतो का? वडिलांना मोडी येते, त्यामुळे त्यांना फार उत्सुकता आहे.

भीमाकाठ

लेख मोडीत नाही, जुन्या नागरी वळणाचा आहे, त्यामुळे सगळी अक्षरे लगेच लागणार नाहीत. तरी प्रयत्न अवश्य करावा. सोबत चांगली विजेरी न्यावी आणि तिचा प्रकाश अक्षरांवर समोरून न टाकता बाजूने तिरका टाकावा, म्हणजे खोदलेल्या रेषांत सावली पडून अक्षरे उठून दिसतात. दगडावर पाणी, खडू किंवा पावडर लावू नये, इतर कोणी लावत असेल तर त्यालाही थांबवावे. लेखाच्या शेवटी जे वाक्य आहे, त्याचा अर्थ ‘जो हे वाचील तो विजयी होईल’ असा लावतात. ते वाक्य बाबांना आधी सांगू नका, त्यांना तेथेच वाचू द्या.