कोल्हापुरात बसून भूमध्य समुद्रातल्या बचावकामासाठी कार्यक्रम करायचाय, लोक येतील का?

गुळाची_ढेप
नमस्कार मंडळी. आमचा एक ग्रुप आहे, दोघी-तिघी चित्रकलेच्या कॉलेजच्या, एकजण हलगी वाजवतो, बाकी सगळे नाटकवाले. विषय असा आहे की लिबिया, ट्युनिशियाकडनं माणसं रबरी नावेत बसून इटलीला निघतात आणि मधेच बुडतात. ३ ऑक्टोबर २०१३ ला लाम्पेदुसा बेटाजवळ एका बोटीत ३६८ माणसं गेली, त्यावर इटलीच्या नौदलानं मोठी मोहीम काढली, वर्षभरात लाखाच्या वर माणसं वाचवली, आणि खर्च परवडत नाही, युरोप वाटा उचलत नाही म्हणून २०१४ च्या शेवटी बंद केली. मग साध्या लोकांनी वर्गण्या काढून जुनी जहाजं घेतली आणि स्वतःच जायला लागले, सी-वॉच, एसओएस मेडिटेरानी, ओपन आर्म्स असे बरेच गट आहेत. तरीपण २०१४ पासून त्या एका समुद्रात मेलेले आणि बेपत्ता मिळून ३०,००० च्या वर आहेत.

आमचा विचार असा की शाहू स्मारकच्या कलादालनात तीन दिवस चित्रं लावायची, संध्याकाळी अर्ध्या तासाचं पथनाट्य, आणि बाहेर एक डबा ठेवायचा. पण ज्याला सांगावं तो म्हणतो समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं, आधी आपल्या पूरग्रस्तांचं बघा की. दुसरं म्हणजे ग्रुपमध्येच भांडण लागलंय. एकाला आयलान कुर्दीचा तो किनाऱ्यावरचा फोटो (२०१५ चा, बुडून गेलेलं सीरियाचं लाल टीशर्टातलं लेकरू) भिंतभर लावायचाय आणि खाली पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या आकृत्यांची रांग. मला ते बघवत नाही पण का नको ते नीट सांगता येईना. तुम्ही काय कराल?

खासबाग_कट्टा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका ताई. ही माणसं कागदपत्राशिवाय दुसऱ्याच्या देशात घुसायला निघालेली असतात, दलालाला पैसे मोजून. तुम्ही वाचवत राहिला की दलालाचं आणखी फावतं, तो म्हणणार बसा बिनधास्त, जहाज येतंय न्यायला. आणि युरोपवाले आपल्यापेक्षा शंभरपट श्रीमंत, त्यांचं त्यांना निस्तरू दे की. आपल्याकडं शिरोळ तालुक्यात दर दोन-तीन वर्षांनी लोक छपरावर बसालेत. कलाबिला ठीक आहे पण डबा ठेवायचा तर इथल्यासाठी ठेवा.

दर्यावर्दी_करवीर
कट्टेवाले, मी मर्चंट नेव्हीत आहे, दोन गोष्टी सांगतो.

एक, समुद्रात बुडणाऱ्याला उचलणं हे उपकार म्हणून नसतं, कायदा आहे. सोलास करार (समुद्रातल्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार) आणि समुद्राच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचं कलम ९८, दोन्हीकडं तेच लिहिलंय की जहाजाच्या मास्तरनं संकटातल्या माणसाला मदत करायचीच, जहाज आणि स्वतःची माणसं धोक्यात येत नसतील तर. तो कोणत्या देशाचा, कागद आहेत का नाहीत हे विचारायचं कामच नाही. उतरल्यावर त्याला ठेवायचं का परत पाठवायचं ते त्या देशाचं सरकार आणि कोर्ट बघेल की. पाण्यात असताना तो फक्त बुडणारा माणूस.

दुसरं, मग मालवाहू जहाजंच का उचलत नाहीत असं कोणी विचारेल. उचलतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये मर्स्क एतिएन नावाच्या टँकरनं माल्टाच्या सांगण्यावरनं २७ जणांना घेतलं आणि मग माल्टानंच उतरवून घ्यायला नकार दिला, ३८ दिवस ती माणसं टँकरच्या डेकवर होती. कंपनीचं रोजचं नुकसान किती ते तुम्हीच काढा. शेवटी त्यांना घेतलं कुणी, तर इटलीच्या स्वयंसेवकांच्या जहाजानं. असं एकदा झालं की पुढचा कॅप्टन नावेचा दिवा दिसला तरी दुसरीकडं बघायला लागतो, हे लिहायला वाईट वाटतं पण ब्रिजवर, म्हणजे जिथनं जहाज चालवतात तिथं, असं बोलणं चालतं. म्हणून खास ह्याच कामासाठी निघालेली जहाजं लागतात.

आणि ते "वाचवताय म्हणून येतात" ह्यावर अभ्यास झालेत, २०२३ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात एक आला, २०११ ते २०२० चा डेटा घेऊन. बचाव जहाजांमुळं निघणाऱ्यांची संख्या वाढली असं काही दिसलं नाही, युद्ध, हवामान, पैशाची हालत ह्यावरच ते ठरतं.

चिखलीकर
मी २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात बोटीवर होतो, प्रयाग चिखली, आंबेवाडी पट्ट्यात. मला समुद्रातलं काय कळत नाही पण त्या लोकांचे ट्रेनिंगचे व्हिडिओ मी बघितलेत आणि ते जे करतात ते बघून अंगावर काटा आला कारण आम्हाला जे शिकवलं तेच आहे.

सांगतो कसं. छपरावर नायतर नावेत माणसं असली की त्यांना बोट दिसल्या दिसल्या सगळी एका अंगाला येतात, पोरं पुढं करतात, ओरडतात. तिथंच नाव पलटी होते. बुडायला पाणी लागत नाही, आनंद पुरतो. म्हणून ते लोक मोठं जहाज लांब ठेवतात, छोटी फास्ट रबरी बोट पुढं पाठवतात, ती पण थेट अंगावर नेत नाहीत, नाव किती भरलीय, हवा कुठनं चाललीय बघत एक फेरी मारतात. मग एकच माणूस बोलतो. बसा, उभं राहू नका, सगळ्यांना नेणार. तो बोलणारा त्यांच्या भाषेतला असला तर अर्धं काम तिथंच झालं. पयलं लाईफ जॅकेट वाटतात, एकालापण उचलत नाहीत तोवर. आधी जॅकेट आणि मग माणूस. ब्रह्मनाळला २०१९ ला काय झालं ते सगळ्यांना म्हाईत आहे, बोट गावचीच, माणसं गावचीच, भरली जास्त आणि जॅकेट नव्हती.

अजून एक मला नवीन होतं. नावेच्या तळाला पेट्रोल सांडतं, त्यात समुद्राचं पाणी मिसळतं आणि ते अंगाला लागलं की कातडी भाजते. बाया-पोरं सुरक्षित म्हणून मधे तळाला बसवतात आणि भाजतात त्याच, कमरेखाली. जहाजावरच्या नर्सचं पहिलं काम आंघोळ घालणं आणि कपडे बदलणं. हे कुणी चित्रात दाखवत नाही. ताई तुम्ही हे दाखवा की. मेलेली माणसं आम्ही पण काढलीत पाण्यातनं, त्याचं चित्र भिंतीवर बघायला मी तरी येणार नाही.

गांधीनगर_क्लॉथ
समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं म्हणणाऱ्यांना वळिवड्याला घेऊन या, मी चहा पाजतो. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियात हाकललेले पोलंडचे लोक इराणमार्गे जहाजानं हिंदुस्थानात आले, त्यातली जवळजवळ ५,००० माणसं, बहुतेक बायका, लेकरं आणि म्हातारे, १९४३ ते १९४८ आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. शाळा होती, चर्च होतं, थिएटर पण होतं. ती गेली आणि त्याच बराकीत फाळणीनंतर आम्ही सिंधी लोक आलो, माझ्या आजोबांना मिळालेल्या खोलीच्या दारावर पोलिश अक्षरं कोरलेली होती असं आजी सांगायची. महावीर गार्डनमध्ये स्मारक आहे बघा, रोज हजार लोक शेजारनं वॉक करत जातात. वॉर्सात पण कोल्हापूरचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान तिथं जाऊन आले तेव्हा आठवडाभर सगळ्यांच्या स्टेटसला कोल्हापूर कोल्हापूर होतं.

खासबाग_कट्टा
शेठ, मान्य. पण ते सरकारनं रीतसर आणलेले होते, संस्थाननं जागा दिली. तुलना बरोबर नाही.

गांधीनगर_क्लॉथ
रीतसर होते हे खरं आहे. आता पण कुणी रीतसर रस्ता दिला तर रबरी नावेत कोण बसंल भाऊ? हौस आहे का?

कॅनव्हास_मळा
मूळ प्रश्नावर कोणीच आलं नाही म्हणून लिहितो. मी चित्रकला शिकवतो.

कुर्दीच्या फोटोचं आधी. तो छापून आल्यावर जगभर देणग्या एकदम उसळल्या हे खरंय, स्वीडनच्या रेड क्रॉसच्या निधीचा अभ्यास झालाय त्यावर. पण काही आठवड्यांतच आटलं सगळं. धक्का एकदाच बसतो. आणि आता तो फोटो प्रत्येकानं मोबाईलवर बघून झालाय, तुम्ही भिंतभर लावला तर लोक मान वळवतील नायतर त्याच्यासमोर सेल्फी काढतील, मधलं काही होणार नाही. २०१६ मध्ये आय वेवे ह्या चिनी कलाकारानं आपल्याकडच्या एका मासिकासाठी त्या लेकरासारखं किनाऱ्यावर पालथं पडून फोटो काढून घेतला, एवढा मोठा कलाकार पण मला ते उथळ वाटलं आणि बऱ्याच जणांना वाटलं. त्याच माणसानं त्याच महिन्यात बर्लिनच्या एका जुन्या संगीतगृहाच्या खांबांना ग्रीसच्या लेसबोस बेटावरनं आणलेली, निर्वासितांची १४,००० लाईफ जॅकेट बांधली. एकही चेहरा नाही, प्रेत नाही. नारिंगी रंग नुसता. ते बघून माणूस मनात मोजायला लागतो.

उलटं उदाहरण व्हेनिसचं. एप्रिल २०१५ ला बुडालेली एक बोट, सातशेच्या वर माणसं गेली त्यात, तिचा सांगाडा समुद्रातनं काढलेला होता, तो २०१९ च्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, आणून ठेवला. शेजारी कॅफे, तिथं माहितीची पाटी पण नाही. लोक कॉफी पीत टेकून उभे. कलाकाराला कदाचित तेच दाखवायचं असेल की बघा तुम्ही कसे आहात, असेल बाबा, पण मेलेल्यांच्या घरच्यांनी हे बघितलं तर काय म्हणतील हा प्रश्न मला सुटत नाही.

मला सगळ्यात पटलं ते बँक्सीचं, नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणारा इंग्लंडचा कलाकार. चित्रं विकून आलेल्या पैशातनं एक फ्रेंच कस्टमची जुनी बोट घेऊन दिली, लुईझ मिशेल नाव, गुलाबी रंग, ऑगस्ट २०२० पासून चालूय. चित्र म्हणाल तर बोटीच्याच अंगावर, लाईफ जॅकेट घातलेली पोरगी. २०२३ मध्ये इटलीनं नियम केला की एकदा माणसं घेतली की सरळ नेमून दिलेल्या बंदरात जायचं, वाटेत दुसऱ्यांसाठी थांबायचं नाही, आणि बंदरं देतात पार लांबची, रावेन्ना, जेनोआ. ह्या बोटीनं एका फेरीत चार ठिकाणी माणसं उचलली म्हणून तिला २० दिवस अडकवून ठेवलं होतं. म्हणजे पैसा डिझेलला पण लागतो आणि वकिलाला पण.

तेव्हा ढेपताई, प्रेतांची रांग काढून टाका. चिखलीकरांनी लिहिलंय ते एकेक चित्र करा. बोट फेरी मारतेय. हात पुढं केलेला माणूस "बसा" म्हणतोय. जॅकेटचा ढीग. कमरेखाली भाजलेल्या बाईला दुसरी बाई आंघोळ घालतेय, चेहरा नको, पाठ पुरे.

गुळाची_ढेप
सर हे ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं, फोटोवाला गप्प झालाय पण रुसलाय. चिखलीकर दादा, तुमच्याकडं पुरातले बोटीवरचे फोटो असतील तर एका भिंतीवर पंचगंगा आणि समोरच्या भिंतीवर भूमध्य असं करू का? आणि दादा तुम्ही पाच मिनिटं बोलाल का, जॅकेट कसं घालायचं ते प्रेक्षकातल्याच कुणाला तरी घालून दाखवायचं?

चिखलीकर
बोलायला सांगू नका, दाखवायला येतो. जॅकेट माझ्याकडं आहेत. फोटोत गावातल्या बायका असतील तर त्यांना विचारल्याशिवाय लावायचे नाहीत हे आधीच सांगतो, काहीजणी भिजलेल्या अवस्थेत आहेत.

झिलकरी
पथनाट्य ठीक आहे पण कोल्हापुरात पोवाडा सोडून काय करताय? माणूस थांबतो तो डफावर थाप पडली की. भूमध्यात अलार्म फोन म्हणून प्रकार आहे, २०१४ पासून स्वयंसेवक चोवीस तास फोन घेतात, नावेतनं फोन आला की जागा लिहून घ्यायची आणि तटरक्षक, जहाजं सगळ्यांच्या मागं लागायचं. ह्यांच्याकडं स्वतःची बोट नाही. पण पोवाड्याला ह्याच्यापेक्षा चांगला नायक मला दिसत नाही. आता बसल्या बसल्या जुळवलं, चालीत म्हणून बघा:

रात काळी दर्यावरती, वारं सुटलं भणाणून
रबराची नाव केवढी, शंभर जीव दिले कोंबून
ना वल्हं ना दिवा हाती, इंजिन गेलं खोकलून
कुण्या गावी फोन वाजला, कोण उठलं झोपेतून, जी जी रं जी

बरं असेल तर पुढचं लिहितो. हलगीवाला कोण आहे त्याला पाठवून द्या, डफ मी आणतो. आणि मिलानजवळच्या तुरुंगात कैदी अशा फुटक्या नावांच्या लाकडाची व्हायोलिनं करतात, २०२४ ला मिलानच्या ला स्काला ह्या ऑपेरागृहात त्यावर कार्यक्रम झाला. मिरजेत सतारमेकर गल्लीत माझी ओळख आहे, पुरात मोडलेल्या नावेचं लाकूड कुणाकडं पडलं असेल तर विचारून बघतो त्याचं निदान तुणतुणं तरी होतंय का.

हिशेबनीस
सगळं झक्कास चाललंय पण डब्याचं कुणी बोलेना. लोकांकडनं वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तालयाला कळवावं लागतं, गणपती मंडळं काढतात तीच कलम ४१-क च्या परवानगीची वाट. त्यात पैसा देशाबाहेर जाणार म्हटल्यावर बँक दहा प्रश्न विचारेल. एखाद्यानं स्वतःच्या खात्यातनं परदेशी संस्थेला देणगी देणं वेगळं, डब्यातला लोकांचा पैसा पाठवणं वेगळं, सीएला विचारल्याशिवाय हात घालू नका. माझं मत असं की डबाच नको. ज्याला द्यायचंय त्याला त्या संस्थेच्या साईटचा क्यूआर लावून ठेवा, तो घरी जाऊन स्वतः देईल. चित्रं विकली तर त्याचे पैसे चित्रकाराचे, त्यानं स्वतःच्या नावानं काय करायचं ते करावं.

खासबाग_कट्टा
मी तिकडं पैसे देणार नाही हे सांगून ठेवतो. पण पुराच्या भिंतीसाठी येईन, आमच्या तालमीतली पोरं पण होती बोटीवर. इथल्या बोटींना जॅकेट कमी पडतात त्याची यादी लावा तिथं, दोन डझन आमच्याकडनं.

हिशेबनीस
लावा. जॅकेट वस्तू म्हणून घ्या, रोख नको. आणि ढेपताई, कलादालनाच्या तारखा उद्याच जाऊन विचारा, दिवाळीच्या आसपास सगळे ग्रुप धावतात, मग मिळत नाहीत.