जँगो: फॉर्ममधली क्लीन मेथड चालतच नाही, एररही येत नाही

प्रश्न (नवा_बॅकएंड)
जँगो (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) 5.2, पायथन 3.12. नोंदणीच्या मॉडेलफॉर्ममध्ये (डेटाबेसच्या मॉडेलवरून बनणारा फॉर्म) 'मोबाइल_नंबर' फील्ड आहे. दहा अंक नसतील तर व्हॅलिडेशनएरर द्यावा म्हणून 'क्लीन_मोबाइल' मेथड लिहिली. तरी पाच अंकी नंबर बिनदिक्कत सेव्ह होतो. लॉग स्वच्छ. व्ह्यूमध्ये (विनंती हाताळणारा कोड) फॉर्मची तपासणी चालवणारं इज_व्हॅलिड() बोलावलेलं आहे.

शेपटीवाला_अजगर
प्रश्नातच उत्तर आहे. फील्ड 'मोबाइल_नंबर', मेथड 'क्लीन_मोबाइल'. जँगो प्रत्येक फील्डच्या नावाआधी 'क्लीन_' जोडून त्या नावाची मेथड आहे का एवढंच बघतं. असली तर चालवतं, नसली तर गुपचूप पुढच्या फील्डकडे. तुमची मेथड पायथनच्या दृष्टीने अगदी वैध आहे, फक्त तिला कुणी बोलावत नाही.

पुढच्या वेळी असं शोधा: मेथडच्या पहिल्या ओळीत ब्रेकपॉइंट() टाका, म्हणजे कोड तिथे पोचला की थांबेल. फॉर्म सबमिट करूनही तिथे थांबलं नाही तर आतलं लॉजिक वाचण्यात वेळ घालवू नका. शेलमध्ये फॉर्म क्लासचे 'बेस_फील्ड्स' (फील्डची यादी) छापा, आणि क्लासमधली सगळी नावं देणाऱ्या डिर() मधून 'क्लीन_' ने सुरू होणारी नावं काढा. दोन याद्या शेजारी ठेवल्या की चूक दिसते. मेथड डिर() मध्येच नसेल तर इंडेंटेशन बघा, ती चुकून फॉर्मच्या आतल्या 'मेटा' (सेटिंग्जच्या) क्लासच्या पोटात गेलेली असते. हे फार होतं.

नवा_बॅकएंड
नाव बदललं, आता मेथड चालते. पण बरोबर नंबर भरला तरी 'धिस फील्ड कॅनॉट बी नल' येतं.

शेपटीवाला_अजगर
शेवटी रिटर्न राहिलाय. मेथड जे परत देते तेच क्लीन्ड_डेटामध्ये (तपासून झालेली मूल्यं) जातं. काहीच परत दिलं नाही की तिथे नन (None, म्हणजे 'काहीच नाही') बसतो, आणि मग मॉडेलची तपासणी ओरडते. तपासलेला नंबर रिटर्न करा.

टेस्ट_आधी
जुन्या प्रोजेक्टवर असाल तर मॅनेजरही (डेटाबेसमधून कोणत्या नोंदी आणायच्या ते ठरवणारा क्लास) तपासा. तिथल्या मेथडचं नाव पूर्वी 'गेट_क्वेरी_सेट' होतं, जँगो 1.6 मध्ये 'गेट_क्वेरीसेट' झालं (मधला अंडरस्कोर गेला) आणि 1.8 पासून जुनं नाव पूर्ण बंद. जुन्या उत्तरातून कॉपी केलेला मॅनेजर आज लिहिला तर फिल्टर लागतच नाही, डिलीट म्हणून खूण केलेल्या नोंदी यादीत परत दिसतात. वरच्या क्लासची (ज्यातून वारसा घेतलाय त्याची) मेथड चालते, त्यामुळे पान उघडतं आणि सगळं ठीक वाटतं.

अशा ठिकाणी पायथन 3.12 मधला टायपिंगचा 'ओव्हरराइड' डेकोरेटर (मेथडवर लावायची खूण) लावा. रनटाइमला तो काही अडवत नाही. मायपाय किंवा पायराइट (कोड न चालवता तपासणारे चेकर) चालवलं तरच 'वरच्या क्लासमध्ये अशी मेथड नाही' असं कळतं. 'क्लीन_मोबाइल_नंबर' वर मात्र तो लावू नका, कारण ती वरच्या क्लासमध्ये नसतेच, चेकर उगाच तक्रार करेल. तिथे टेस्ट लिहा: 'क्लीन_' नंतरचा भाग बेस_फील्ड्समध्ये नसेल तर फेल. इनिटमध्ये (फॉर्म तयार होताना चालणारी मेथड) फील्ड वाढवणारे फॉर्म तेवढे वगळा.

रिकामी_जागा
टेम्पलेटमध्येही (पानाचा एचटीएमएल साचा) हेच, नाव चुकलं तरी एरर नाही. 'गेट_स्टेटस_डिस्प्ले' ऐवजी 'गेट_डिस्प्ले_स्टेटस' लिहिलं की पानावर नुसती रिकामी जागा. सेटिंग्जमधल्या टेम्पलेट्सच्या ऑप्शन्समध्ये 'स्ट्रिंग_इफ_इनव्हॅलिड' ला एखादा ठळक मजकूर द्या, चुकलेली नावं पानावर उमटतात. शोधून झालं की काढा. जँगोची स्वतःची काही टेम्पलेट्सही रिकाम्या जागेवर विसंबून आहेत, अॅडमिन विचित्र दिसू लागतो. आणि इफ टॅगमधली चूक यात सापडत नाही: तिथे चुकलेलं नाव नन धरलं जातं, अट खोटी ठरते आणि आतला भाग गायब. त्यासाठी ती अट खरी असतानाचं पान टेस्टमध्ये रेंडर करून आतला मजकूर शोधावा लागतो.