मदत हवी आहे: एक की दाबली की सगळे आवाज एकदम वाजतात

खटपट्या:
दोन रात्री घालवल्या, आता डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय. जुना आकाई सँपलर (आवाज मेमरीत घेऊन कीवर वाजवणारं मशीन) घेतलाय, फ्लॉपीवरून किक, स्नेअर, हॅट हे ड्रमचे आवाज नीट लोड होतात, स्क्रीनवर नावंही दिसतात, पण कुठलीही की दाबली तरी तिन्ही एकदम धडाम. वरच्या की दाबल्या तर तेच पण चिरकं, खालच्या दाबल्या तर पत्र्याचं पिंप गडगडल्यासारखं. मला किक एका कीवर, स्नेअर दुसऱ्यावर, हॅट तिसऱ्यावर हवेत, एवढंच. केबल बदलून झाली, मिडी चॅनेल बदलून झालं, फ्लॉपीसुद्धा दुसरी घालून झाली. शनिवारी रेकॉर्डिंग आहे. आणि मॅन्युअल वाच असं कृपया कोणी सांगू नका, मशीनबरोबर मॅन्युअल आलेलं नाही.

मंद्रसप्तक:
मॉडेल कुठलं? मेमरी किती? आणि मेमरीत प्रोग्राम किती आहेत? सँपल, म्हणजे नुसते आवाज किती ते विचारत नाहीये; प्रोग्राम, म्हणजे ते आवाज कुठल्या कीवर कसे वाजायचे ती मांडणी.

पेनड्राइव्हवाला:
भाऊ, आधी ती फ्लॉपी ड्राइव्ह काढ आणि गोटेक बसव, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारी यूएसबी ड्राइव्ह. यूएसबी स्टिकवर शेकडो फ्लॉपीच्या इमेज राहतात, बटण फिरवलं की पुढची फ्लॉपी. मी फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाकून वापरतोय, त्यात आकाईसाठी वेगळं सेटिंगही आहे. फ्लॉपी हेच सगळ्या दुखण्यांचं मूळ आहे.

खटपट्या:
अहो लोड होतंय ना! लोडिंगचा प्रॉब्लेमच नाहीये. वरचं वाचा जरा.

निवांत:
शनिवारी रेकॉर्डिंग आहे तर कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर सँपलर टाक, तीन आवाज ओढून तीन कीवर सोड, पाच मिनिटांचं काम. इतक्या जुन्या यंत्राशी झटापट कशाला?

खटपट्या:
@निवांत मला हेच मशीन वापरायचंय म्हणून घेतलंय. @मंद्रसप्तक मॉडेलने काय फरक पडतो? आकाई एस१००० आहे. मेमरी बहुतेक जेवढी मूळची येते तेवढीच. प्रोग्राम म्हणजे काय नक्की? नावांची यादी म्हणत असाल तर तीन आहेत.

मंद्रसप्तक:
मॉडेलनेच तर फरक पडतो. यादीत तिन्ही नावांच्या आधी नंबर काय दिसतोय?

खटपट्या:
१, १, १.

मंद्रसप्तक:
मग सापडलं. एस१०००मध्ये एकाच नंबरचे जितके प्रोग्राम मेमरीत असतील ते सगळे एकाच वेळी चालू असतात. बिघाड नाही, मुद्दाम तसं केलंय, पियानोवर स्ट्रिंग्ज चढवायच्या असतील तर दोघांना एकच नंबर द्यायचा. नव्या प्रोग्रामचा नंबर तू बदलला नाहीस तर तो १ वरच बसतो. सिलेक्ट प्रोग्राममधे रीनंबरचं पान आहे, तिथे १, २, ३ कर.

कळफलक:
चुकीचा सल्ला. रीनंबर करून त्याला काय मिळणार? तीन वेगवेगळे प्रोग्राम, एका वेळी एकच वाजणार. त्याला एकाच किटमधे तिन्ही हवेत. त्यासाठी एक प्रोग्राम, त्यात तीन कीग्रुप (कुठल्या की ते कुठल्या कीपर्यंत कोणता आवाज, हे ठरवणारे भाग), आणि प्रत्येक कीग्रुपची रेंज एकाच कीपुरती. खरा घोळ रेंजचा आहे, ती अख्ख्या कीबोर्डभर पसरलेली असणार.

मंद्रसप्तक:
त्याचा प्रश्न "सगळे एकदम का वाजतात" हा होता, त्याचं उत्तर नंबर. कीग्रुप पुढचं.

कळफलक:
शीर्षक वाचून नाही, पूर्ण प्रश्न वाचून उत्तर द्यावं माणसाने.

बारा बिट:
एस१०००वर ड्रम्स कशाला वाजवताय पण? तो १६ बिटचा, स्वच्छ आवाजाचा; बिट कमी तितका आवाज खरखरीत. ड्रम्सना आकाईचाच एस९५० घ्या, १२ बिट, ती खरखर एस१०००मधून जन्मात येणार नाही. किंवा एसपी १२०० हा ड्रम सँपलर. त्यात सगळी मिळून १० सेकंदांची मेमरी, म्हणून लोक ३३च्या स्पीडची रेकॉर्ड ४५वर लावून सँपल करायचे आणि मशीनमधे साधारण पाच सेमीटोन खाली आणायचे. जागा वाचायची आणि खाली आणताना जो कचकचीतपणा यायचा तोच पुढे लोकांना आवडायला लागला.

निवांत:
१० सेकंद! माझी नोटिफिकेशनची ट्यून त्यापेक्षा मोठी असेल.

बारा बिट:
हसा. त्या १० सेकंदांत अख्खी गाणी उभी केलीत लोकांनी.

खटपट्या:
रीनंबर केलं. आता फक्त किक वाजते, पण सगळ्या कीवर. म्हणजे कळफलक म्हणतात तेही खरं दिसतंय. कीग्रुप कुठे आहे?

कळफलक:
एडिट प्रोग्राम. किकच्या प्रोग्राममधे आणखी दोन कीग्रुप जोड, दुसऱ्याला स्नेअर, तिसऱ्याला हॅट. मग स्पॅनच्या पानावर खालची की आणि वरची की दोन्ही सारख्याच ठेव: किक ३६, स्नेअर ३८, बंद हॅट ४२. सीक्वेन्सरमधले (सूर-ताल साठवून आपोआप वाजवणाऱ्या यंत्रातले) ड्रम पॅटर्न बहुतेक हेच नंबर धरतात. नाव बघू नकोस, नंबर बघ, कारण ६० नंबरच्या कीला कोणी सी३ म्हणतं कोणी सी४, त्यात अर्धी रात्र जाते. नवा ग्रुप जोडल्यावर त्याची रेंज आपोआप बरोबर असेल असं धरून चालू नकोस, प्रत्येकाची उघडून बघ.

शंकासुर:
एका कीग्रुपमधे चार व्हेलॉसिटी झोन असतात बरं का, हळू मारलं की वेगळा स्नेअर, जोरात मारलं की वेगळा असं करता येतं. मी पियानोसाठी केलंय, फार मजा येते.

खटपट्या:
@शंकासुर नंतर. @कळफलक रेंज जमली, तिन्ही वेगळ्या कीवर आले!! पण किक ओळखूच येत नाही, खोल विहिरीतून आल्यासारखी आणि लांबलचक. स्नेअर तर की सोडली की मधेच तुटतो.

मंद्रसप्तक:
किकचा मूळ पिच ६०वर असणार आणि तू वाजवतोयस ३६वर. २४ सेमीटोन म्हणजे दोन ऑक्टेव्ह खाली, त्यामुळे लांबीही चौपट. त्या झोनचा पिच ट्रॅकवर (कीप्रमाणे बदलणारा) आहे तो कॉन्स्टंट (सगळ्या कीवर सारखा) कर. आणि प्लेबॅक टाइप "प्ले टू सँपल एंड" ठेव, मग की सोडली तरी आवाज शेवटपर्यंत जातो. हे झालं की फ्लॉपीवर सेव्ह कर, मेमरीतलं मशीन बंद केलं की उडतं.

पेनड्राइव्हवाला:
गोटेक असता तर सेव्हला फ्लॉपी शोधायला नको.

बारा बिट:
१६ बिटमधे कॉन्स्टंट पिचवर वाजवणार म्हणजे सीडीच ऐकायची की मग.

कळफलक:
@बारा बिट एस१०००मधे २२.०५ किलोहर्ट्झलाही (नेहमीच्या ४४.१च्या निम्म्या वेगाने) सँपल करता येतं, मग वरची चकाकी आपोआप जाते. बिट म्हणजे सगळं नाही.

बारा बिट:
ते मंद होतं, खरखरीत नाही होत. दोन्हीत फरक आहे आणि ज्याने दोन्ही ऐकलंय त्याला तो कळतो.

(मधले पाच प्रतिसाद १२ बिट आणि १६ बिट यावरचे, ते इथे वगळले आहेत.)

खटपट्या:
झालं!!! किक किकसारखी वाजतेय. मंद्रसप्तक, कळफलक दोघांचे आभार, भांडू नका. शेवटचं एकच, उघडी हॅटसुद्धा घातली ४६वर, पण ती बंद हॅटने थांबत नाही, दोन्ही एकमेकांवर वाजतात.

मंद्रसप्तक:
आता पहिल्या उत्तराचा उपयोग बघ. दोन्ही हॅट किटमधून काढून वेगळ्या प्रोग्राममधे टाक, ४२ आणि ४६वरच. त्या प्रोग्रामची पॉलिफनी १ कर, म्हणजे एका वेळी एकच आवाज, दुसरा आला की पहिला गेला. आणि त्याला किटचाच नंबर दे, म्हणजे दोन्ही प्रोग्राम एकदम चालू. ज्याने दोन रात्री छळलं तेच.

कळफलक:
हे मान्य. हे मी पण असंच करतो.

खटपट्या:
रात्री सगळं करून, चार वेळा वाजवून, मशीन बंद करून झोपलो. सकाळी चालू केलं तर यादी रिकामी. तीन नावं सोडा, काहीच नाही. हे उडतं हे कोणीच कसं सांगितलं नाही??

मंद्रसप्तक:
सांगितलं होतं. गोटेक आणि १२ बिटच्या वर बघ.

खटपट्या:
वाचलं आता. तेव्हा फक्त पिचचं वाचून धावलो. परत करायला घेतो, पाऊण तास लागेल. एकाच फ्लॉपीवर सगळं मावेल ना?

मंद्रसप्तक:
४४.१ किलोहर्ट्झ मोनोला सेकंदाला ८८,२०० बाइट. मूळची २ एमबी मेमरी म्हणजे २४ सेकंदांना थोडी कमी. एचडी (जास्त क्षमतेची) फ्लॉपी १.६ एमबीची, म्हणजे १८ सेकंद. चार ड्रम आरामात मावतील. मशीनमधेच फॉरमॅट कर, आणि दोन फ्लॉप्यांवर सेव्ह कर.

शंकासुर:
डीडी (कमी क्षमतेची) फ्लॉपी असेल तर ८०० केबीच धर. भोक एका कोपऱ्यात असेल तर डीडी, दोन्ही कोपऱ्यांत असेल तर एचडी. एचडीच्या भोकाला टेप लावून ती डीडी म्हणून वापरायचो आम्ही, पण ते वेगळ्या मशीनसाठी.

खटपट्या:
दोन्ही कोपऱ्यांत आहे. फॉरमॅट चालू आहे, खरखर करतंय बराच वेळ, हे नॉर्मल आहे का?

बारा बिट:
बघा, शेवटी खरखर आलीच.