जुन्या टीव्हीला स्वस्तातली स्ट्रीमिंग स्टिक लावावी का?

दिवाणखाना
घरात ३२ इंची एचडी रेडी एलईडी टीव्ही आहे, स्मार्ट नाही. चित्र अजून छान दिसतं, त्यामुळे टीव्ही बदलायचा नाही. एचडीएमआयचे पोर्ट दोन, एकात सेट-टॉप बॉक्स. ब्रॉडबँड ४० एमबीपीएस. सेलमध्ये नावाजलेल्या कंपनीची स्टिक तीन हजारांच्या आसपास मिळतेय आणि कधी न ऐकलेल्या नावाचा ‘४के, ८ जीबी रॅम’वाला अँड्रॉइड बॉक्स दोन हजारांत. काय घ्यावं? वापरणार मुख्यतः आई-बाबा, त्यामुळे रिमोटची कटकट नको.

सर्किटवाला
तो बॉक्स अजिबात घेऊ नका. खोक्यावरच्या रॅमच्या आकड्यापेक्षा वाइडवाइनची (सिनेमांची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाची) पातळी महत्त्वाची. एल१ ही वरची पातळी असेल तरच बहुतेक ओटीटी ॲप एचडी चित्र देतात. एल३ या खालच्या पातळीवर तेच ॲप ४८०पी च्या आसपास अडकतं, मग टीव्ही कितीही चांगला असो. नेटफ्लिक्सची मान्यता तर वेगळीच लागते. ती नसलेल्या बॉक्सवर बहुधा मोबाइलचं नेटफ्लिक्स घुसडलेलं असतं. ते रिमोटला नीट दाद देत नाही, माउस जोडावा लागतो. आई-बाबांसाठी हे कामाचं नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. असल्या काही बॉक्सांत कारखान्यातूनच मालवेअर भरलेलं येतं. अशा बाधित यंत्रांच्या ‘बॅडबॉक्स २.०’ या जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. असा बॉक्स तुमच्या वाय-फायवर बसला की तुमच्या इंटरनेटवरून परक्यांची कामं चालतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. फॅक्टरी रीसेट करून ते जाईलच याची खात्री नाही, कारण ते फर्मवेअरमध्येच, म्हणजे बॉक्सच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच असू शकतं.

कुणाकडे अँड्रॉइड बॉक्स आधीच असेल तर प्ले स्टोअरवरून ‘डीआरएम इन्फो’ ॲप टाकून वाइडवाइनची ‘सिक्युरिटी लेव्हल’ एल१ आहे का ते बघा. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्ले प्रोटेक्टचं (गूगलच्या सुरक्षा तपासणीचं) प्रमाणपत्र नाही असं दिसलं, तर तो नेटवरून काढलेलाच बरा.

तिसरामजला
वरच्याशी सहमत, पण नावाजलेली स्टिकही डोळे मिटून घेऊ नये. तुमचं पॅनल बहुधा १३६६×७६८ चं असेल, म्हणजे ४के चित्रासाठी जास्त पैसे मोजून डोळ्यांना काहीच मिळणार नाही. तरीही फरक हजारभराचाच असेल तर मी २ जीबी रॅमचीच घ्या म्हणेन. जुन्या एमआय टीव्ही स्टिकमध्ये १ जीबी होती, शाओमी टीव्ही स्टिक ४के मध्ये २ जीबी आहे. १ जीबीवर एका ॲपमधून दुसऱ्यात गेलं की पहिलं बंद पडतं, परत आलात की पुन्हा पहिल्यापासून लोड होतं. मात्र ‘४के’ लिहिलंय म्हणजे २ जीबी असेलच असं नाही, तपशिलात रॅम वाचूनच घ्या.

स्टोरेज बहुतेकांत ८ जीबीच असतं आणि त्यातलं बरंचसं सिस्टिम खाते. लागतील तेवढीच पाच-सहा ॲप ठेवा. स्टिक रेंगाळायला लागली की आधी मोठ्या ॲपची कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा.

वायरमन
स्टिक चांगली असली तरी जोडणीत गडबड होते, तिथे लक्ष द्या.

वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टवरून घेऊ नका. यूएसबी २.० पोर्ट ०.५ अँपिअर देतो, स्टिकला साधारण ५ व्होल्ट, १ अँपिअर लागतो. मग ऐन सिनेमात ती रीस्टार्ट होते. शिवाय टीव्ही बंद केला की बऱ्याचदा पोर्टही बंद, म्हणजे दर वेळी सुरुवातीपासून बूट आणि रात्रीचे अपडेट अर्धवट. सोबतचा ॲडॉप्टरच भिंतीत लावा.

स्टिक टीव्हीच्या पाठीला थेट खुपसली की तापते आणि वाय-फायही कमी पकडते. खोक्यात एचडीएमआयची छोटी एक्स्टेन्शन वायर असेल तर ती वापरा. राउटर त्याच खोलीत असेल तर वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा, मध्ये दोन भिंती असतील तर २.४. फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे तुमच्या ४० मध्ये अडचण नाही. अडकलं तर दोष बहुधा वाय-फायचा.

चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ करा. चित्र आहे पण आवाज नाही, असं झालं तर स्टिकच्या साउंड सेटिंगमध्ये डॉल्बी बंद करून पीसीएम किंवा स्टिरिओ निवडा. जुन्या टीव्हींना डॉल्बीचा सिग्नल उलगडता येत नाही.

रिमोटसाठी टीव्हीच्या मेन्यूत सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकाच रिमोटने चालवायची सोय) चालू करा. सॅमसंगमध्ये त्याला ॲनीनेट+ म्हणतात, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. मग बरेचदा टीव्हीच्याच रिमोटच्या बाणांनी स्टिक चालते. स्टिक घेताना तिच्या रिमोटवर आवाजाची बटणं आहेत ना, हेही बघा, सगळ्यांवर नसतात.

दिवाणखाना
मग २ जीबीची स्टिकच घेतो. अजून दोन शंका: नेटफ्लिक्सचा १४९चा प्लॅन चालेल ना? आणि आतल्या खोलीत लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा जुना टीव्ही आहे, त्यालाही लावता येईल?

वायरमन
१४९चा प्लॅन फक्त फोन आणि टॅबवर चालतो. टीव्हीसाठी किमान १९९चा बेसिक, त्यात ७२०पी मिळतं. तुमच्या ७६८ ओळींच्या पॅनलला ते पुरेल.

जुन्या टीव्हीला ‘एचडीएमआय टू एव्ही’ कन्व्हर्टर लागेल. दिसायला तसाच ‘एव्ही टू एचडीएमआय’ही मिळतो, तो उलट दिशेचा, इथे निरुपयोगी. पण चित्र मऊ दिसेल, मेन्यूतली अक्षरं वाचवत नाहीत, आणि काही कन्व्हर्टर एचडीसीपीवर (एचडीएमआयमधल्या नक्कलबंदीवर) अडतात. मग ॲप उघडतं पण सिनेमा लावला की पडदा काळा. त्या टीव्हीवर पैसे घालू नका.