दोरीची शॅकल, लोखंडी शॅकल आणि रविवारची सत्तरी (सोसायटी ग्रुप, फोंडा)

समीर (ए-३०२): नमस्कार मंडळी. रविवारी मेधाताईंच्या कुळागरात जातोय, सत्तरीत. आज दोन सॉफ्ट शॅकल आल्या, म्हणजे ओढायचा दोर गाडीच्या हुकाला जोडायच्या दोरीच्या कड्या. गेटवर विचारलं "ही कसली दोरी", म्हणून इथेच फोटो टाकतो. गाडी रुतली की ओढताना लोखंडी शॅकलच्या जागी लावतात.

दीपक (सी-२०१): दोरीने थार ओढणार? 😄 माझ्याकडे लोखंडी आहे. ४.७५ टन कोरलंय तिच्यावर. घेऊन जा.

समीर: दीपकदादा, हिच्या लेबलवर १२ टन आहे. तुमच्या अडीच पट!

प्रभू काका (बी-१०१): थांब रे समीर. हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. लोखंडी शॅकलवर कोरतात तो निर्धास्त घ्यायचा भार. धड बनवलेली असेल तर तुटायला त्याच्या सहापट लागतो, म्हणजे दीपकची २८ टनांच्या आसपास जाईल. दोरीच्या शॅकलवर छापतात तो बहुतेक वेळा तुटण्याचाच आकडा.

दीपक: बघा! लोखंड ते लोखंड.

प्रभू काका: जोराला लोखंड भारी, मान्य. पण वजनालाही भारी, तिथेच गोम आहे. तुझी ती शॅकल किलोच्या वर भरेल. ओढताना समोरच्या गाडीचा हुक उपटला की ताणलेला पट्टा तिला घेऊन मागे येतो. काच फोडून आत येते ती. दोरीची शॅकल शे-दोनशे ग्रॅमची. लागली तर लागेल, पण लागण्यात आणि डोकं फुटण्यात फरक आहे.

आणि दीपक, हार्डवेअरच्या दुकानातली काहीही न कोरलेली असेल तर ती टाकीच्या झाकणाला लाव, गाडीला नको.

दीपक: कोरलेली आहे हो काका 🙏

संज्योत (ए-१०४): काका, ही नायलॉन का?

प्रभू काका: नाही. पॉलिथिलीन. दुधाची पिशवी ज्या घराण्यातली त्याच घराण्यातलं, पण रेणू खूप लांब आणि सगळे एका दिशेला ओढून बसवलेले. त्यामुळे वजनाला वजन धरलं तर पोलाद मागे पडतं. डायनीमा हे त्यातलं गाजलेलं नाव, मूळ नेदरलँड्सचं. जहाजांवर आणि टगवर (जहाज ओढणारी बोट) कित्येक ठिकाणी वायर रोप जाऊन हाच दोर आला. वायरचे तुटके तंतू तळहातात घुसायचे ते सुख कमी झालं 😀 शिवाय पाण्यावर तरंगतो.

समीर: म्हणजे बादलीत टाकून खरी-खोटी कळेल?

प्रभू काका: अर्धीच कळेल. वरचं कव्हर पॉलिस्टरचं असू शकतं, ते सरकवून काढ आणि मग टाक. नुसती दोरी बुडाली तर नायलॉन नाहीतर पॉलिस्टर, सरळ परत पाठव. तरंगली म्हणून खरी असं मात्र नाही, होडीवरची पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त दोरीही तरंगतेच.

रेखा (सेक्रेटरी): सी विंगचं पाणी ११ ते १ बंद. टाकी धुणार आहेत. कृपया भरून ठेवावे.

समीर: काका, लावायची कशी ते सांगा ना. व्हिडिओत फटकन करतात.

प्रभू काका: एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला डोळा. डोळ्याजवळची वीण मागे सारली की डोळा उघडतो. गाठ त्यातून काढ आणि वीण पुढे खेचून आवळ. जुन्या बंडीची घुंडी काजात अडकते तसंच, फक्त ताण आला की हे काज आणखी आवळतं. बघायचं एवढंच की डोळा गाठीच्या मानेत बसलाय. गाठीच्या अंगावर अर्धवट राहिला तर निसटेल. हाताने एक हिसका देऊन बघ. गाठ हुकाच्या कडेवर येऊ देऊ नको, मोकळ्या बाजूला ठेव.

मेधाताई (बी-३०१): समीर, तुझ्या उत्साहावर पाणी ओतत नाही, पण आमच्या वाटेवर निम्म्या वेळा दोर लागतच नाही. रुतली की एक्सलेटर दाबत बसायचं नाही, तेवढ्यात गाडी पोटावर बसते. खाली उतर, फावडं घे, चाकांपुढचा चिखल काढ, पोट टेकलंय का वाकून बघ. टायरची हवा ३२ असेल तर १८-२० वर आण. जांभ्याच्या धारदार दगडांत मात्र आणखी खाली जाऊ नको, टायर बाजूने फाटतो. आणि परत डांबरी रस्त्यावर आलास की आधी हवा भर.

समीर: फावडं आहे ताई. कॉम्प्रेसरपण.

मेधाताई: मग शॅकलचा फोटो टाकायच्या आधी फावड्याचा टाकायचास 😄

दीपक: त्यापेक्षा शनिवारी मोरजीला वाळूत ट्रायल घेऊया. मऊ वाळू, चिखल नको.

मेधाताई: बीचवर गाडी घालायला बंदी आहे दीपक. पर्यटन खात्याच्या २०२२ च्या आदेशात दंड ५,००० पासून ५०,००० रुपयांपर्यंत होता. त्यात मोरजीला कासवं अंडी घालतात. टुरिस्टांच्या गाड्या भरतीत अडकतात तेव्हा आपणच हसतो ना?

दीपक: बरं बाबा, रद्द.

प्रभू काका: समीर, ओढायचा दोर कोणता आहे?

समीर: कायनेटिक, म्हणजे ताणला जाणारा, नायलॉनचा, ९ मीटर. तुटण्याचा आकडा ८ टन.

प्रभू काका: आकडे जमतात. भरलेली थार अडीच टनांच्या आत धर, दोर त्याच्या तिप्पट, शॅकल दोराहून वर. काही तुटायचंच असेल तर दोर आधी तुटावा.

पण आता नीट वाच. दोरीची शॅकल आहे म्हणजे भीती गेली असं समजू नको. नायलॉनचा हा दोर ३० टक्क्यांपर्यंत ताणतो, ९ मीटरला जवळजवळ पावणेतीन मीटर. तेवढा जोर त्याच्या पोटात साठतो. शॅकल हलकी झाली म्हणून तो जोर कमी होत नाही.

जहाजांवर याची किंमत मोजून झालीय. २ मार्च २०१५, वेल्समधलं मिल्फर्ड हेवन. झार्गा नावाचं एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) वाहणारं जहाज धक्क्याला बांधत होते. दोर याच पॉलिथिलीनचा. हा दोर फारसा ताणत नाही, तुटला तरी उसळत नाही अशी समजूत होती. तुटला, उसळला आणि अधिकाऱ्याच्या डोक्याला लागून तो जबर जखमी झाला. ब्रिटिश चौकशीत उसळण्याचं कारण निघालं ते दोराला जोडलेल्या लवचिक तुकड्याचं. त्याला जहाजावर टेल म्हणतात. ताण त्याने साठवला आणि झटका दोराला दिला. तुझ्या जोडणीत तो टेल म्हणजे तुझा नायलॉन.

संज्योत: बापरे. मग उभं कुठे राहायचं?

प्रभू काका: दोराच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीच नाही. बाजूला, दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब. मोबाईलवर शूटिंग करणारे पहिले बाजूला काढायचे. दोरावर ओलं गोणपाट टाका, थोडाफार आळा बसतो, पण त्याच्या भरवशावर जवळ जाऊ नका. आणि पहिला झटका हळू. दोराला काम करू द्या, गाडी पळवत आणायची नाही.

मेधाताई: गावात ट्रॅक्टरला साखळी लावून ओढतात काका. साखळी ताणत नाही, सगळा हिसका हुकावर. समीर, ट्रॅक्टरवाला आला तरी दोर तुझाच लाव.

समीर: ओके. काका, चिखलात माखली तर?

प्रभू काका: आपला तांबडा चिखल वाळला की कानशीच. वीण पोकळ असते, कण आत बसतात आणि दर ताणाला आतून घासतात. घरी आल्यावर साध्या पाण्याच्या बादलीत वीण उघडझाक करत धू, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सावलीत वाळव. वरून थोडी लव सुटली तर घाबरू नको. पण बोटाला कुठे कडक, चकचकीत डाग लागला तर तिथे वितळलीय, टाकून दे. हे पॉलिथिलीन १५० अंशांच्या आतच वितळतं, त्याच्या बरंच आधी जोर सोडतं. म्हणून सायलेन्सरपासून लांब, आणि धावता दोर तिच्यावरून घासत न्यायचा नाही.

आता गाडीच्या हुकांचे फोटो टाक. खरी भानगड तिथे असते.

समीर: 📷 पुढचा
📷 मागचा

प्रभू काका: पुढचा गोल सळईचा, चांगला. शॅकल थेट लाव. चेसिसला बोल्ट घट्ट आहेत ना, पाना लावून बघ. मागची ही पट्टी बाहेरून बसवलेली दिसते. भोकाची कड चाकूसारखी आहे, दोरी एका झटक्यात कापेल. तिथे लोखंडी शॅकल घालायची आणि तिच्या गोल अंगात दोर. बाहेरच्या गाडीला लागलं तर टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) मात्र कधीच बांधू नको. तो मोडून उडाल्याने माणसं गेलीत.

दीपक: म्हणजे शेवटी माझी लोखंडीच! 💪

प्रभू काका: फक्त मागे. आणि त्या पट्टीचे बोल्ट चेसिसला आहेत की नुसत्या बंपरच्या पत्र्याला, हे आधी कळू दे. पत्र्याला असतील तर मागून ओढायचंच नाही.

समीर: संध्याकाळी गॅरेजवाल्याकडे गाडी वर घेऊन बघतो. देव बरें करूं काका.

दीपक: शॅकल वॉचमनकडे ठेवतो. पिन जरा गंजलीय, तेल सोडून घे.

प्रभू काका: गंजलीय? आधी मला आणून दाखव.

रेखा (सेक्रेटरी): पाणी बंद झालं आहे. बाकीचं पर्सनलवर बोला प्लीज.